सापशिडीतला ग्लायकोलिसिस नेमकं काय शिकवतो?

खेळातून बायोकेमिस्ट्री शिकवण्यावरचे पेपर वाचायला घ्याल, तेव्हा आधी निष्कर्ष नका वाचू. खेळाचे नियम वाचा.

ग्लायकोलिसिसच्या सापशिडीचंच बघा. दहा पायऱ्या, दहा एन्झाइमं, पुढे जायचं ते फाशाच्या दानावर. पण पेशीत दान पडत नाही. एटीपी साचला की फॉस्फोफ्रुक्टोकायनेज मंदावतं, हेच तर शिकवायचं होतं! इथे मुलं फक्त नावं पाठ करतात. ही प्रश्नमंजूषाच झाली, वर पट अंथरलेला.

त्यापेक्षा फोडलेले चार चिंचोके घ्या. काळी बाजू एनएडी प्लस, पांढरी एनएडीएच. एका ग्लुकोजला दोन उलटायचे. दोन ग्लुकोज झाले की खेळ ठप्प. ऑक्सिजन नाही म्हटलं, तर पायरुवेटचं लॅक्टेट केल्याशिवाय चिंचोके परत काळे होत नाहीत. धावताना स्नायूत लॅक्टेट का तयार होतं, हे इथे खेळणाऱ्यालाच शोधावं लागतं.

प्रस्तावनेत हटकून फोल्डइट येतं. २००८ साली आलेला हा खेळ. त्याच्या खेळाडूंनी माकडांतल्या एका विषाणूच्या प्रोटिएजची रचना सोडवायला मदत केली, २०११ मध्ये ते छापून आलं. भारीच काम. पण त्यातून विद्यार्थी बायोकेमिस्ट्री शिकतात, हे सिद्ध होत नाही.

मग तुलना. खेळ विरुद्ध नुसतं लेक्चर ही फार सोपी कुस्ती आहे. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र केले: लेक्चरच्या वर्गात नापास सुमारे ३४ टक्के, सक्रिय वर्गात सुमारे २२. म्हणजे मुलांना कामाला लावलं तरी फरक पडतोच. तुमचा खेळ गटचर्चेपेक्षा सरस आहे का, ते दाखवा.

आणि भाषा. आमच्या राजूरहून (अकोले तालुक्यातलं नव्हे, वणीजवळचं, कोळशाचं) मराठी शाळेतून बीएस्सीला गेलेल्या मुलीसमोर घड्याळ लावून इंग्रजी कार्डं टाकलीत, तर तुम्ही तिचं इंग्रजी मोजताय. तक्त्यात मात्र ते 'चयापचयाची समज' म्हणून जाईल, आणि ती 'कमकुवत गटात'.

चाचणी त्याच दुपारी घेऊ नका. तीन आठवड्यांनी घ्या, न सांगता, आणि प्रश्न पटावर नसलेला विचारा: लाल रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया नाही, मग तिचं कसं भागतं?