शिवछत्रपति आणि सेर्टोरियस : एका उपमेची परीक्षा

इंग्रज वखारवाल्यांच्या १६७८ मधील पत्रव्यवहारांत शिवछत्रपतींस प्राचीन रोमच्या इतिहासांतील उपमा दिलेल्या आढळतात. एके ठिकाणीं कर्नाटकच्या स्वारींतील यशाची तुलना सीझरच्या स्पेनमधील विजयाशीं केली आहे; दुसऱ्या ठिकाणीं महाराजांस प्रतिसेर्टोरियस म्हटलें आहे. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ सालीं हीं इंग्रजी पत्रें छापून अभ्यासकांवर मोठे उपकार केले. परंतु परकीयानें केलेली स्तुति म्हणून हीं वाक्यें जशींच्या तशीं उचलण्यापूर्वीं त्यांची परीक्षा अवश्य आहे.

पहिल्या उपमेंत प्रमाद आहे. येणें, पाहणें व जिंकणें या तीन क्रियांत विजय सांगणारें सीझरचें वचन पत्रलेखकानें स्पेनशीं जोडलें. वस्तुतः तें आशियामायनरांतील झेला येथील, इ. स. पू. ४७ मधील जयाविषयींचें आहे. स्पेनमध्यें मुंडाच्या रणांत तर, इ. स. पू. ४५ त, सीझरच्या प्राणांवरच बेतलें होतें. सारांश, ही उपमा केवळ स्मरणावर लिहिलेली दिसते. तिजवरून लेखकाचा विस्मय सिद्ध होतो, याहून अधिक कांहीं नाहीं.

सेर्टोरियसची उपमा मात्र विचारार्ह आहे. सुल्लाच्या पक्षाशीं वैर पत्करलेल्या या सेनानीस इ. स. पू. ८० च्या सुमारास लुसितानियन लोकांनीं आपलें नेतृत्व दिलें. डोंगराळ मुलूख, हलकीं पथकें, अकस्मात् छापे व शत्रूची रसद तोडणें या साधनांनीं त्यानें मेटेलस व पाँपी यांस जेरीस आणिलें. गनिमी काव्याशीं हें साम्य निर्विवाद होय.

परंतु साम्य युद्धपद्धतीपुरतेंच आहे. सेर्टोरियस स्पेनमध्यें परका होता. म्हणूनच प्लुटार्कानें त्याची जोडी युमेनेसशीं लाविली. त्याची सभा रोमन निर्वासितांची होती, सत्तास्थानें रोमनांच्याच हातीं होतीं आणि त्याचें चित्त रोमकडे लागलेलें होतें. महाराजांनीं १६७४ सालीं स्वतःचें सिंहासन स्थापिलें. भेद खरा तो येथें आहे.

परिणामही तेंच सांगतो. पेर्पेर्नानें भोजनप्रसंगीं घात केल्यावर सेर्टोरियसचा पक्ष लवकरच लयास गेला. त्याची कीर्ति उरली ती मुख्यतः प्लुटार्काच्या लेखणीमुळें. उलट महाराज १६८० त निवर्तल्यावर औरंगजेब स्वतः दक्षिणेंत उतरला. १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याची छावणी आमच्या सोलापूर प्रांतीं, मंगळवेढ्याजवळ भीमातीरीं ब्रह्मपुरीस होती. तरी राज्य बुडालें नाहीं. या कीर्तीस प्लुटार्काची गरज पडली नाहीं.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, असें वाक्य पत्रांतून तोडून घेऊं नये. राजापूरची वखार १६६१ त लुटली गेल्याचें शल्य व भरपाईची वाटाघाट याच वखारवाल्यांच्या मनांत वर्षानुवर्षें होती, आणि महाराजांस बंडखोर म्हणणारीही लेखणी त्यांचीच. निंदा व स्तुति एकत्र वाचावी. मगच साक्षीचें मोल ठरवावें.