व्हॉल्व्ह तेच, आवाज वेगळा

जुन्या हाय-फाय ॲम्प्लिफायरवर गिटार वाजवायची म्हटली की सल्ला ठरलेला: व्हॉल्व्ह बदला. मला हे पटत नाही. १९५९चा डायनाको स्टिरिओ ७० घ्या. त्यात ईएल३४ आहेत; मार्शलच्या कितीतरी गिटार-ॲम्प्लिफायरमध्येही तेच. मग डायनाकोवर गिटार एवढी कोरडी का वाटते? कारण त्याचं सर्किटच डिस्टॉर्शन दाबायला बांधलंय. अल्ट्रालिनिअर जोडणी, वर निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा अंश उलटा करून परत आत. गिटारवाल्याला नेमकं तेच डिस्टॉर्शन हवं असतं! शिवाय पिकअपचा सिग्नल इवलासा, प्रीॲम्प लागतोच. तो वेगळ्या डब्यात बांधा, फीडबॅकचा रेझिस्टर बदलून ऐका. त्यासाठी मूळ चासीला भोकं पाडणं मला तरी अक्षम्य वाटतं. आणि हो, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात. आधी ते उतरवा, मगच हात घाला.