मनगटाच्या चित्रात काय राहिले?

रोह्याच्या एका शाळेत प्रयोगशाळेच्या भिंतीवर मनगटाचा तक्ता पाहिला. दोन ओळींत आठ हाडे, प्रत्येकाला बाण आणि नाव. चित्र सुबक आहे, चुकीचेही नाही. तरी माझी तक्रार आहे. हाडे पाठ झाली की मनगट समजले, असा ग्रह हा तक्ता करून देतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हा ग्रह टिकत नाही. जपानमध्ये केंजी ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली. मनगट व बोटांच्या सांध्यांच्या अशा तपासणीवर चेन यांचा लेख आला तो १९७९ साली. मनगटासाठीची दुर्बीण जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. छेद लहान, म्हणून धोकाही लहान, असे आपण सहज धरून चालतो. खरे तर मोठ्या छेदात चेतातंतू डोळ्यांना दिसतो, बाजूला सारता येतो. बारीक छिद्रातून शिरताना तो कोठे असेल हे आधीच ठाऊक असावे लागते. म्हणून सुरीने फक्त त्वचा कापतात. पुढची वाट बोथट चिमट्याने हळूहळू रुंदावतात.

या छिद्रांची नावेही बोलकी आहेत. मनगटाच्या पाठीवरून बोटांकडे जाणारे स्नायुरज्जू सहा कप्प्यांतून जातात. नेहमीचे छिद्र तिसऱ्या व चौथ्या कप्प्यांच्या मध्ये, म्हणून त्याचे नाव ‘तीन-चार’. ‘एक-दोन’ छिद्राजवळ धमनी आणि अंगठ्याकडे जाणारे चेतातंतू असतात; करंगळीकडच्या बाजूलाही चेतातंतूची शाखा जपावी लागते. तिला इजा झाली तर बधिरपणा वा आग मागे राहू शकते. शिवाय या शाखांची वाट प्रत्येकात अगदी सारखी नसते. आमच्या तक्त्यात यांपैकी एकही रेषा नाही!

तक्ता काढून टाकू नये. त्याला हाताची जोड द्यावी. मुलांना तळहात पालथा ठेवायला सांगा. तर्जनी व मधले बोट यांच्यामधल्या फटीच्या रेषेत मागे येत मनगटापाशी चाचपले, की हाडाचा छोटा उंचवटा लागतो. त्याला लिस्टरचे नाव आहे. त्याच्यापुढे बोटांच्या दिशेने सुमारे एक सेंटिमीटरवरचा मऊ भाग म्हणजे ‘तीन-चार’ची जागा. आता अंगठा ताणून वर करा. त्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांमध्ये खळगा पडेल; तेथे हलके बोट ठेवले तर नाडी लागते.

आठ नावे परीक्षेनंतर विसरली जातील. स्वतःच्या हातावर सापडलेली नाडी मात्र सहसा विसरली जात नाही.