‘तास’ किती मिनिटांचा?

‘पहिला तास गणिताचा’ असे म्हटले, की तो साठ मिनिटांचा असेल असे शाळेत कोणीही समजत नाही. तो ३०, ३५ किंवा ४० मिनिटांचा असतो. बोलण्यात याने काही बिघडत नाही. मुळात ‘तास’ म्हणजे धातूचे भांडे. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत वेळेचे ठोके द्यायच्या थाळीसाठी वापरला गेला आणि ठोक्यांवरून वेळेचे माप झाला. दोन घंटांमधला अवधी म्हणजे तास, हा शाळेचा अर्थ त्यामुळे अगदीच परका नाही.

घोटाळा होतो तो हा शब्द हिशेबात शिरल्यावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास हवेत. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. हा तास घड्याळाचा. वेळापत्रकातले ३५ मिनिटांचे ८०० ‘तास’ मोजून कोणी समाधान मानले, तर प्रत्यक्षात २८,००० मिनिटे, म्हणजे ४६६ तास ४० मिनिटेच भरतात. मुलांचे ३३३ तास २० मिनिटे कागदावरच राहतात!

शिक्षकाच्या बाबतीत हाच शब्द उलटीकडून फसवतो. ‘आठवड्याला तास किती?’ ‘तीस.’ ३५ मिनिटांप्रमाणे हे साडेसतरा तास झाले. ऐकणाऱ्याला वाटते, काम एवढेच. पाठाची तयारी, वह्या तपासणे, प्रयोगाचे साहित्य जुळवणे या प्रश्नोत्तरात कुठेच येत नाही. त्याच कायद्यात मात्र शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, तेही पूर्वतयारी धरून. तयारी हे कामच आहे, हे कायद्याने मानले. आपल्या बोलण्याने अजून मानलेले नाही.

विज्ञान शिकवताना आपण एककाबद्दल काटेकोर असतो. ‘लांबी ५’ असे उत्तर आले तर ‘५ काय?’ असे विचारतो. मग स्वतःच्या वेळेबाबत ही सूट का? ‘तासिका’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहेच. वेळापत्रकात तो वापरावा आणि ‘तास’ साठ मिनिटांसाठी राखावा. पाचवीच्या मुलांना आपल्याच वर्गाच्या तासिकांचे तास करायला सांगावे. गणित सोपे आहे; उत्तर मात्र मोठ्यांनीही पाहावे असे निघेल.