सुव्यवस्थेचा प्रश्न : हॉब्ज, पार्सन्स आणि चवदार तळे

मागच्या वेळी आपण सामाजिक कराराची कल्पना पाहिली. आज तिच्याच पोटातला एक प्रश्न घेऊ. समाजशास्त्रात त्याला 'सुव्यवस्थेचा प्रश्न' म्हणतात. माणसं स्वार्थी, प्रत्येकाला स्वतःचं साधायचंय, तर मग सगळे एकमेकांच्या उरावर का बसत नाहीत? समाज चालतो तरी कसा? हा प्रश्न मी वर्गात तीसेक वर्षं शिकवला. परीक्षेत दहा मार्कांना हमखास यायचा. आज मला वाटतं, मी तो चुकीचा शिकवला. उत्तरं बरोबर सांगितली, पण प्रश्नच तपासून पाहिला नाही.

हा प्रश्न हॉब्जच्या नावानं समाजशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवला टॅल्कट पार्सन्सनं, १९३७ सालच्या 'द स्ट्रक्चर ऑफ सोशल अॅक्शन' या जाडजूड ग्रंथात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : हॉब्जनं प्रश्न अचूक मांडला, उत्तर मात्र अपुरं दिलं. नुसत्या तलवारीच्या धाकानं समाज टिकत नाही. माणसं जर निव्वळ स्वार्थी असतील, तर ती करार तरी का करतील, आणि केला तर पाळतील का? म्हणून पार्सन्स म्हणतो, समाज टिकतो तो समान मूल्यांवर. पुढे तो असंही दाखवतो की ही मूल्यं लहानपणीच आपल्या अंगी मुरतात. यावर डेनिस राँगनं १९६१ मध्ये टीका केली की पार्सन्सचा माणूस जरा जास्तच शहाणा, जरा जास्तच 'समाजात मुरलेला' आहे. टीका योग्यच आहे. पण राँगलाही प्रश्न मान्य होता. माझी अडचण त्याच्या आधीची आहे.

हॉब्जच्या डोळ्यांसमोर काय होतं ते बघा. 'लेव्हायथन' १६५१ चं. त्याआधीची दहा-अकरा वर्षं हा गृहस्थ पॅरिसमध्ये परागंदा. मागे इंग्लंडात १६४२ पासून राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध. आता मला सांगा, या युद्धात 'व्यवस्था नव्हती' असं म्हणता येईल का? दोन्हीकडे सैन्य, दोन्हीकडे करवसुली, दोन्हीकडे हुकूम आणि शिक्षा. पार्लमेंटनं १६४५ मध्ये उभारलेली नवी फौज तर शिस्तीसाठीच प्रसिद्ध. म्हणजे एकाच भूमीवर दोन व्यवस्था हक्क सांगत होत्या. हॉब्जला हे कळत होतं. सार्वभौम सत्ता विभागू नका, हे तो त्यासाठीच बजावतो. संपूर्ण जग कधीकाळी निसर्गावस्थेत होतं असं आपल्याला वाटत नाही, हेही त्यानं लिहून ठेवलंय. पण सिद्धान्त बनवताना 'दोन व्यवस्था'ची 'शून्य व्यवस्था' झाली. पार्सन्सनं ते शून्य तसंच उचललं, आणि माझ्यासारख्यांनी ते फळ्यावर लिहिलं.

आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणतं, 'हे तर आमच्या मत्स्यन्यायात आहेच.' आहे खरं. अर्थशास्त्रात गोष्ट येते : मोठा मासा लहान माशाला गिळतो तशा स्थितीला कंटाळून लोकांनी मनूला राजा केलं, धान्याचा सहावा हिस्सा देऊ केला. पण ही गोष्ट कौटिल्य कुणाच्या तोंडी घालतो? गुप्तहेरांच्या! तीर्थांवर, सभांमध्ये, गर्दीत जाऊन खोटा वाद घालायचा आणि राजावर नाराज असलेल्या लोकांना हे ऐकवायचं. अनागोंदीची भीती हे राज्यकारभाराचं साधन आहे, हे कौटिल्य किती सरळ सांगतो. आमची क्रमिक पुस्तकं तेवढीही सरळ नव्हती.

(आणि शब्दाची गंमत बघा. मराठीत आपण केऑसला 'गोंधळ' म्हणतो. पण देवीचा गोंधळ पाहिलाय ना? चौक, दिवटी, संबळ, कोणत्या देवाला आधी बोलवायचं... सगळं ठरलेलं. बाहेरच्याला मात्र नुसता कल्लोळ ऐकू येतो.)

आता महाडला येऊ. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळानं बोले ठराव मंजूर केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक रांगेनं तळ्यावर गेले, पाणी प्यायले, परत आले. याहून शिस्तीची गोष्ट कोणती? पण गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवणाऱ्या माणसांवर हल्ला झाला. नंतर एकशे आठ घागरींनी तळं 'शुद्ध' केलं गेलं.

पार्सन्सचा प्रश्न इथे लावून पाहा. समान मूल्यं? होती की! शेकडो वर्षांची, लहानपणीच मुरलेली. जात ही काही अव्यवस्था नव्हे. कोण कुठे उभा राहील, कोण कुणाच्या हातचं पिईल, एवढी बारीक व्यवस्था जगात क्वचित असेल. हल्लेखोरांना वाटलं आपण सुव्यवस्था राखतोय, आणि त्यांच्या अर्थानं ते खरंच होतं. नगरपालिकेचा ठराव ही एक व्यवस्था, रूढी ही दुसरी. ओंजळभर पाण्यानं दोन्ही समोरासमोर आल्या, आणि त्याला नाव पडलं 'गोंधळ'.

पुढचं तर अधिक बोलकं आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. आंबेडकरांनी तो मानला, सत्याग्रह तहकूब केला. ज्यांना गोंधळ घालणारे म्हटलं, ते कोर्टाचा हुकूम पाळून थांबले. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला : वादींची रूढी अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध झालं नाही. साल? १९३७. पार्सन्सचं पुस्तक आलं तेच वर्ष.

तुम्ही विचाराल, मग खरी अनागोंदी नसतेच का? असते. शेजाऱ्याचा भरवसा उरत नाही, असे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना माझं हे व्याख्यान ऐकवायची माझी हिंमत नाही. हॉब्जची भीती खोटी नव्हती. आणि महाडचे आंबेडकरच २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत उभे राहून सांगतात की आता सत्याग्रहाचा मार्ग सोडा, तो अराजकाकडे नेतो. सनदशीर मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा गोष्ट वेगळी होती, असं त्यांचं म्हणणं. पण ठराव १९२४ मध्येही होताच, कोर्टही होतं. मग मार्ग 'उपलब्ध' आहे हे ठरवायचं कुणी, आणि किती वर्षं वाट पाहून? हे मला अजून नीट सुटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी विचार केला असेल तर आता प्रश्नोत्तरांत बोलू. जरा पाणी घेतो.