नावाची पट्टी

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ साली काढलेला ‘अर्धसत्य’ परवा पुन्हा पाहिला. फौजदार वेलणकराच्या मारहाणीत कोठडीतला चोर मरतो. तरी आपल्याला कणव येते ती वेलणकराचीच. हे त्या चित्रपटाचे बळ, आणि हीच त्याची उणीव. आपण पडद्यावर सारे पाहतो. पण अशा मेलेल्याच्या आईला ठाण्याचे दप्तर सांगेल तेवढेच कळणार! अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी स्पष्ट दिसावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बजावले. २००५ चा माहिती अधिकार कायदा जिवाला धोका असेल तेथे माहिती राखू देतो. खबऱ्याचे नाव राखावेच. परंतु ज्याच्या हातून कोठडीत माणूस गेला, त्याचे नाव त्या माउलीपासून झाकू नये.