अंगणाचे गणित

माणसाला राहायला किती जागा लागते, असे वर्गात विचारले की मुले खोल्या मोजू लागतात. एक खोली, दोन खोल्या, स्वयंपाकघर. एखादेच मूल म्हणते, "आणि दारापुढचा ओटा?" वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांचे 'द न्यू लँडस्केप' हे छोटेखानी इंग्रजी पुस्तक म्हणजे या एका मुलाची बाजू घेऊन केलेला युक्तिवाद आहे. ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. आज चाळीस वर्षांनी त्याचे परीक्षण करण्याचे कारण असे, की या पुस्तकातील विचारांची परीक्षा पाहण्यासाठी एक अख्खे शहर आपल्यासमोर उभे आहे. ते शहर म्हणजे नवी मुंबई.

१९६० नंतरच्या दशकात मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळ्या पट्टीत वाढत होती. सकाळी सारी गर्दी दक्षिणेला आणि संध्याकाळी सारी उत्तरेला, असा तिचा दिनक्रम होता. ही पट्टी आणखी ताणण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर वसवावे, अशी सूचना चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी केली. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकाने ती छापली. १९७० साली राज्य सरकारने या कामासाठी सिडको हे महामंडळ स्थापन केले आणि सुरुवातीची काही वर्षे कोरिआ तेथे मुख्य वास्तुरचनाकार होते. म्हणजे हे पुस्तक दुरून शहराकडे पाहणाऱ्याचे नाही. काम करून, थोडे यश आणि बरीच निराशा पदरी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाचे आहे.

जागा हीच संपत्ती

पुस्तकाचा गाभा एका साध्या निरीक्षणात आहे. आपल्याकडच्या हवामानात माणसाचे बरेचसे जगणे छपराखाली होत नाही. धान्य निवडणे, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांच्या गप्पा, उन्हाळ्यातली झोप ही सारी अंगणात, ओट्यावर, गच्चीवर होते. पावसाळ्याचे महिने वगळले तर उघड्या आभाळाखालची जागा हीसुद्धा एक खोलीच असते, आणि ती बांधायला सिमेंट लागत नाही. म्हणून गरिबांच्या घराचा विचार करताना चार भिंतींपुरते पाहणे ही हिशेबातलीच चूक आहे, असे कोरिआ म्हणतात.

घराला लागणाऱ्या जागांच्या ते चार पायऱ्या सांगतात. पहिली, कुटुंबाची खाजगी जागा. दुसरी, दारापुढची जागा, जेथे मुले खेळतात आणि शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे होते. तिसरी, वस्तीची एकत्र येण्याची जागा, म्हणजे आपला पाणवठा किंवा सार्वजनिक नळ. चौथी, साऱ्या गावाचे मैदान. एका पायरीवर जागा कमी पडली तर दुसरीवर ती भरून काढता येते. घर लहान असले तरी ओटा आणि अंगण असेल तर कुटुंब तग धरते. इमारतीच्या अकराव्या मजल्यावर मात्र मधल्या दोन्ही पायऱ्या गळून पडतात. उरते ती खोली आणि एकदम मैदान.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बैठी घरे जमीन फार खातात आणि उंच इमारती जमीन वाचवतात. येथे वर्गात करून पाहण्यासारखे गणित आहे. समजा, शंभर हेक्टरच्या शहरात राहत्या घरांखाली एक तृतीयांश, म्हणजे ३३ हेक्टर जमीन आहे. बाकीची रस्ते, शाळा, बाजार, कारखाने, मैदाने यांत गेली आहे. आता साऱ्या घरांची उंची दुप्पट केली. घरांखालची जमीन निम्मी झाली, साडेसोळा हेक्टर वाचली. पण माणसे तितकीच असल्यामुळे शाळा आणि रस्ते तेवढेच लागणार. म्हणजे शहर शंभराचे साडेत्र्याऐंशी झाले, पन्नास झाले नाही. या बचतीसाठी काँक्रीट, पोलाद, उद्‌वाहक आणि वर चढवायचे पाणी यांचा खर्च कायमचा मागे लागतो. शिवाय बैठे घर गावचा गवंडी बांधू शकतो आणि पैसे हाती येतील तशी एकेक खोली वाढवता येते. इमारतीतल्या घराला खोली जोडता येत नाही.

बेलापूरचा पुरावा

पुस्तक निघाले त्याच सुमारास कोरिआ हे विचार बेलापूरच्या एका टेकडीच्या पायथ्याशी उतरवत होते. ही वसाहत आज 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणून ओळखली जाते. तिची रचना अशी. सात घरे एका सुमारे आठ मीटर लांब-रुंद चौकाभोवती. असे तीन गट मिळून एकवीस घरे, त्यांच्यामध्ये बारा मीटरचा चौक. अशा तीन समूहांची मिळून त्रेसष्ट घरे आणि मध्ये वीस मीटरचा चौक. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याच्या परवानगीवाचून घर वाढवता येते. गरीब-श्रीमंत कोणीही असो, भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यानच.

येथे हेक्टरी पाचशे माणसे राहू शकतात, असा कोरिआंचा दावा होता. तो तपासून पाहू. भूखंडाची सरासरी ६० चौ. मी. धरली तर ६३ घरांना ३,७८० चौ. मी. लागतात. लहान चौक नऊ, प्रत्येकी ६४, म्हणजे ५७६. मधले चौक तीन, प्रत्येकी १४४, म्हणजे ४३२. मोठा चौक ४००. एकूण ५,१८८ चौ. मी. वाटा आणि शाळा यांसाठी आणखी अकराशे धरले तर सुमारे ६,३०० चौ. मी. होतात. घरटी पाच माणसे धरून लोकसंख्या ३१५. म्हणजे हेक्टरी बरोबर पाचशे. दावा टिकतो. इतकेच नव्हे, तर या दाटीतही माणशी साडेचार चौरस मीटर सामाईक अंगण उरते. ज्या शहरात मुलांना खेळायला वाहनतळाचा कोपरा शोधावा लागतो, तेथे हा आकडा क्षुल्लक नाही.

मात्र गणित टिकले तरी उद्देश सगळा टिकला नाही. मूळची उतरत्या छपरांची घरे आता मोजकीच उरली आहेत. अनेक जागी दोन-तीन मजली पक्की घरे उभी आहेत. घर वाढावे हीच तर योजना होती, त्यामुळे हा दोष म्हणता येणार नाही. दोष वेगळा आहे. जमिनीचे भाव चढले आणि ज्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एवढे गणित मांडले, त्यांच्या हातून घरे सुटत गेली. भूखंडाच्या आकारात समता आणता येते, बाजारभावात ती आपोआप येत नाही. आकाराच्या समतेवर पुस्तकात सुरेख विवेचन आहे. भावाच्या प्रश्नावर तेवढा खोल विचार नाही.

आधी वाट, मग वस्ती

वाहतुकीवरचे प्रकरण मला पुस्तकातले सर्वात कसदार वाटते. घर कोठे बांधायचे हे ठरवण्याआधी तेथून कामाला जायचे कसे हे ठरले पाहिजे, आणि तेही मोटार नसलेल्या माणसाचे, हा त्याचा सारांश. नवी मुंबईत झाले उलटे. वाशीचा खाडीपूल १९७३ साली खुला झाला, पण लोकलगाडी वाशीला पोचली ती १९९२ साली. मधली एकोणीस वर्षे नव्या शहरातली माणसे बसच्या रांगेत होती. अखेर रेल्वे आली तीही खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलल्यावर. घाऊक बाजार मुंबईतून हलले, मात्र राज्य सरकार स्वतः हलले नाही. मंत्रालय होते तेथेच राहिले आणि त्याच्या शेजारी समुद्र बुजवून नरीमन पॉइंटच्या कचेऱ्या उभ्या राहत गेल्या. वीस लाख लोकांचे शहर डोळ्यांपुढे ठेवले होते. १९९१ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या क्षेत्रात सुमारे तीन लाख माणसे होती, २०११ मध्ये ११ लाख २० हजार.

कोरिआ याचा दोष राजकीय इच्छाशक्तीच्या अभावाला देतात. तो बरोबर आहे आणि त्यांची कसोटी आजही लावता येते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा असा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. अभियांत्रिकीचे ते मोठेच काम आहे. पण त्यावर लोहमार्ग नाही, आणि दुचाकी व रिक्षांना बंदी आहे. मोटार नसलेल्या माणसाचा प्रश्न विचारणाऱ्या लेखकाने या पुलाला किती गुण दिले असते, हे वाचकाने ठरवावे.

ज्यांची जमीन त्यांचे काय?

आता पुस्तकाच्या खऱ्या उणिवेकडे वळतो. नव्या शहराचा खर्च कसा भागवायचा, याचे उत्तर कोरिआ आणि त्यांचे सहकारी देतात ते असे. जमीन सरकारने आधीच स्वस्तात घ्यावी, रस्ते आणि पाणी आणावे, मग वाढलेल्या भावाने भूखंड विकून त्या पैशात शहर उभे करावे. हिशेब चोख आहे. पण स्वस्तात विकणारा कोण? ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रातली ९५ गावे. आगरी आणि कोळी समाजाची भातशेती, मिठागरे, मासेमारीची खाडी. जानेवारी १९८४ मध्ये, म्हणजे पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, उरण तालुक्यात जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची पद्धत या लढ्यातून आली. नगररचनेच्या आराखड्यात ती नव्हती. समतेवर पोटतिडिकेने लिहिणाऱ्या या पुस्तकात या गावांना फार थोडी जागा मिळाली आहे.

हा आक्षेप केवळ न्यायाचा नाही, ज्ञानाचाही आहे. नव्या शहराचा बराच भाग खाडीकाठच्या सखल खाजणावर वसला. भरतीला खाडीचे पाणी चढते, त्याच वेळी जोराचा पाऊस आला तर नाल्याचे पाणी बाहेर जाऊ शकत नाही. यासाठी नवी मुंबईत धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची दारे मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात थांबते. सुमारे सहा तासांनी ओहोटी आली की दारे उघडून ते खाडीत जाते. कल्पना उत्तमच आहे. परंतु रायगडच्या खारभूमीतला शेतकरी बांधाला उघाडी ठेवतो ती नेमक्या याच तत्त्वावर! भरतीचे खारे पाणी शेतात शिरू द्यायचे नाही आणि ओहोटीला शेतातले पाणी सोडून द्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या तो बांध आणि उघाडी राखत आला, कारण त्यावर त्याचे भात अवलंबून होते. शहराच्या धारण तलावांना असा राखणदार राहिला नाही. त्यांत गाळ साठला, कांदळवन वाढले. कांदळवन तोडायला न्यायालयाची मनाई असल्यामुळे गाळ काढणेही अवघड होऊन बसले. बांधणे एकदाच करायचे असते, राखणे रोज. शहर टिकाऊ होते ते या दुसऱ्या कामामुळे, आणि त्याचा विचार या पुस्तकात अपुरा आहे.

तीच गोष्ट अंगणाची. ओटा, पडवी, विहिरीचा काठ या चारी पायऱ्या त्या ९५ गावांत आधीपासून होत्या. त्या कागदावर मांडून दाखवल्या हे कोरिआंचे मोठेपण. ज्यांच्याकडे त्या होत्या, त्यांना शिकवणाऱ्याच्या जागी बसवले नाही, ही त्या पिढीच्या नियोजनाची उणीव.

असे असले तरी पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. भाषा सोपी आहे, आकृत्या बोलक्या आहेत, आणि शहर ही आपोआप घडणारी गोष्ट नसून कोणीतरी घेतलेल्या निर्णयांची बेरीज आहे, हे ते मनावर ठसवते. वाचून झाल्यावर एक तास मैदानावर घ्यावा. दोरीने आठ मीटरचा चौरस आखावा, त्याच्या कडेने सात घरांच्या जागा खडूने दाखवाव्यात आणि पस्तीस मुलांना त्यांत राहायला सांगावे. पाणी कोठे भरायचे, पाऊस आला तर कोठे बसायचे, चौक कोणी झाडायचा, हे त्यांनीच ठरवावे. झाडण्याच्या प्रश्नावर सर्वात जास्त भांडण होईल. ते होऊ द्यावे. आणि वर्गात गावठाणातले एखादे मूल असेल, तर त्याच्या आजीच्या घरी हा प्रश्न कसा सोडवत असत, हे त्याला आधी विचारावे.